नळाखालची वीस मिनिटं

शिंप्यांच्या त्या गल्लीत तिला सगळे काजवाली म्हणायचे. कोट कुणीही शिवो, त्याची काजं हातानं घालायची असली की कोट तिसऱ्या मजल्यावर तिच्याकडे जायचा. मशीनवर काज झटकन होतं, पण जरा बरं कापड असलं की शिंपी गिऱ्हाइकाला सांगायचा, "काजं हाताची आहेत साहेब, बोट फिरवून बघा." गिऱ्हाईक बोट फिरवायचं, त्याला काही कळायचं नाही, पण मान डोलवायचं.

खिडकीशी एक बुटकी खुर्ची टाकून ती बसायची. दोरा मेणावरून ओढायची, कापडाला चीर द्यायची आणि त्या चिरेच्या कडेकडेनं टाक्याला टाका लावत जायची. काज पुरं होईपर्यंत मान वर नाही. दाराशी कुणी येऊन उभं राहिलं तरी "हं, बसा" एवढंच.

नवरा रंगारी. लोकांच्या घरांच्या भिंती रंगवायचा. त्याच्या चष्म्यावर सदा रंगाचे ठिपके.

"अहो, पुसा तरी तो चष्मा. तुम्हाला सगळं जग ठिपक्याठिपक्यांचं दिसत असेल."

"म्हणून तर तू अजून बरी दिसतेस," तो म्हणायचा.

मूल नव्हतं. आधी डॉक्टर झाले, मग नातेवाइकांचे सल्ले झाले, मग दोघांनी तो विषय नीट घडी घालून ठेवून दिला. पुन्हा त्या घडीला कुणी हात लावला नाही.

लग्नाआधी ती कपड्यांच्या एका कारखान्यात इस्त्रीच्या खात्यात होती. एकदा वाफेच्या इस्त्रीची नळी निसटली आणि तिचा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. खात्यातल्या बाईनं धावत जाऊन टूथपेस्ट आणली आणि हातभर थापली. "गार वाटेल बघ." वाटलंही, घटकाभर. दवाखान्यात पोचेपर्यंत ती पेस्ट वाळून कडक झाली होती, आणि नर्सला ती खरवडून काढावी लागली. भाजण्यापेक्षा ते खरवडणं तिच्या जास्त लक्षात राहिलं. पुढं कारखान्यानं अग्निशमन दलातल्या एका माणसाला बोलावलं. जाडजूड, हसरा माणूस. शाळेतल्या पोरांसारखं तो सगळ्यांकडून वदवून घ्यायचा. भाजल्यावर काय? पाणी! कसलं? नळाचं! किती वेळ? वीस मिनिटं! बर्फ? नाही! पेस्ट? नाही! तेल? नाही! पोरी खिदळत होत्या. ती तेवढी हसली नाही. बाहीखाली तिचा हात अजून ठणकत होता.

समोरच्या दारात एक कुटुंब राहायला आलं. वडील बस चालवायचे, आई स्टेशनात तिकिटांच्या खिडकीवर बसायची, आणि आजी घरी असायची. आजीचे गुडघे गेलेले होते आणि नात मिनिटभर जागेवर ठरत नव्हती. म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी. दारं समोरासमोर, दोन्ही दिवसभर उघडी. कुठलंही आमंत्रण न घेता भिंगरी एक दिवस आत आली आणि काजवालीच्या पुढ्यात बसून तिनं बटणांच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला.

"मावशी, तुला डोळे किती?"

"दोन."

"बटणाला चार आहेत."

"मग बटण माझ्यापेक्षा हुशार."

"हो," भिंगरी गंभीरपणे म्हणाली. "पण ते बोलत नाही ना."

तेव्हापासून काजवाली बटणमावशी झाली. सकाळी आई कामाला गेली की भिंगरी यायची. बटणांची लग्नं लावायची, भांडणं लावायची, शाळा भरवायची. काळ्या बटणांना शिक्षा व्हायची, कारण ती "मस्ती करतात." दुपारी कोटांच्या ढिगाऱ्यावर आडवी होऊन झोपायची. मग काजवाली सुई खाली ठेवून नुसती बघत बसायची. मान वर न करणारी बाई! शिंपी म्हणायला लागले, "ताई, हल्ली कोट उशिरा येतात." ती म्हणायची, "डोळे दुखतात."

संध्याकाळी नवरा आला की आधी कोटांकडे बघायचा. "गेली का आमची मालकीण?"

"आत्ताच गेली. तुमच्या चपला घालून गेली."

आपली नाही, हे काजवालीला पक्कं ठाऊक होतं. संध्याकाळ झाली, जिन्यात आईची पावलं वाजली की भिंगरी हातातलं बटण टाकून सुटायची, मागे वळूनही बघायची नाही. तसंच असायचं, असं ती स्वतःला सांगायची. तरी डब्याचं झाकण ती रोज जरा उशिरानंच लावायची.

सुट्टीचा दिवस होता. समोर सगळे घरात होते. काजवाली एका पांढऱ्या कोटाच्या शेवटच्या काजावर होती, आणि समोरून किंकाळी आली. रडणं नव्हतं ते. भिंगरीचं रडणं तिला ओळखू यायचं: हट्टाचं, पडल्याचं, झोपेचं. हे वेगळंच होतं.

ती तशीच उठली. बोटात सुई, गळ्यात दोऱ्याला बांधलेली छोटी कात्री.

ओट्यावरच्या विजेच्या किटलीची वायर खाली लोंबत होती. भिंगरीनं ती ओढली होती. उकळतं पाणी तिच्या उजव्या खांद्यावरून दंडावर, छातीवर गेलं होतं. आई तोंडावर हात ठेवून खिळल्यासारखी उभी. वडिलांच्या हातात टूथपेस्टची नळी, झाकण उघडत नव्हतं म्हणून ते दातानं काढत होते. आजी खुर्चीतून ओरडत होती, "पीठ टाका रे, पीठ टाका तिच्यावर!"

"काही टाकू नका!" काजवाली म्हणाली. आपला एवढा आवाज आहे हे तिचं तिलाच माहीत नव्हतं. "न्हाणीघर कुठंय?"

पोरीला उचलून तिनं नळाखाली धरलं. नळ सोडला. कात्रीनं फ्रॉक पुढून उभा कापला, कारण गरम पाण्यानं भिजलेलं कापड अंगावर राहिलं की भाजत राहतं. खांद्यापाशी कापडाचा एक तुकडा कातडीला चिकटला होता. तो तिनं ओढला नाही, भोवतीनं कापून तसाच ठेवला आणि त्याच्यावरूनच पाणी जाऊ दिलं. हातातलं कडं काढलं. हात सुजला की ते रुतलं असतं.

"बर्फ आणू का?" वडील दारातून म्हणाले.

"बर्फ नको, कातडी आणखी जळते. कोरडा टॉवेल आणा. आणि गाडी बघा कुणाची तरी."

टॉवेल तिनं पोरीच्या पोटाला, पायांना गुंडाळला. लहान अंग, गारठायला वेळ लागत नाही. पाणी तेवढं भाजलेल्या भागावर, हळू धारेनं.

आणि भिंगरी झगडत होती. लाथा मारत होती, चावत होती. "सोड! मावशी सोड मला! आई, मावशीला सांग ना! मावशी मारते मला!"

"झालं हं, झालं माझ्या राणी."

"तू वाईट आहेस! तू वाईट आहेस!"

आईनं हात पुढं केले. "द्या ताई तिला. पुरे झालं. बघवत नाही हो मला."

"पुरे नाही झालं."

"ती थरथरतेय..."

"पाय चोळ तिचे टॉवेलावरून. तोंडाशी तोंड ने, बोलत राहा. पण पाण्यातून काढायची नाही."

बाहेरच्या भिंतीवरच्या घड्याळाचा काटा हलता हलत नव्हता. बाहेर आजीचा आवाज बसला होता. वडील खाली जाऊन त्यांच्या एका दोस्ताची टॅक्सी फाटकाशी लावून वर आले तरी ती म्हणाली, "थांबा. अजून थोडं." त्या थोड्यात भिंगरीचं ओरडणं दमलं आणि त्याचं हुंदक्यात रूपांतर झालं. ते ऐकणं ओरडण्याहून कठीण होतं. हाताला चावल्याच्या खुणा होत्या. पोर तिच्याकडे बघत होती. डोळे मोठे, लाल, आणि त्यांत ओळखच नव्हती. जणू मावशीचा चेहरा लावून कुणी दुसरंच आलं होतं.

वीस मिनिटं पुरी झाल्यावर तिनं नळ बंद केला. स्वयंपाकघरात अन्न झाकायचं पातळ पारदर्शक प्लास्टिक होतं. त्याचा वरचा वेढा टाकून देऊन आतला स्वच्छ तुकडा तिनं भाजलेल्या जागेवर अलगद ठेवला. आवळला नाही. वरून घोंगडी. "फोड आले तर हात लावू नका. तिथं पोचल्यावर सांगा, कशानं भाजलं, कधी भाजलं, पाणी किती वेळ घातलं."

टॅक्सी गेली. ती न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसली. तेव्हा कुठं बोटातली सुई तळव्यात शिरल्याचं तिला दिसलं.

दवाखान्यात त्यांना बरेच दिवस राहावं लागलं. खांद्यावरचं खोल होतं, बाकीचं वरवरचं. कातडी लावायची गरज पडणार नाही, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा आईनं तिथूनच फोन केला. नुसतं "ताई... ताई..." म्हणत राहिली. काजवालीचा जीव भांड्यात पडला. त्याच दिवशी तिनं मऊ सुती कापडाचा एक फ्रॉक बेतला. पुढून पूर्ण उघडणारा, म्हणजे डोक्यातून ओढायला नको, आणि खांद्यावर एकही शिवण येणार नाही असा. त्याला तिनं डब्यातली सगळ्यात लाडकी बटणं लावली, एकही काळं नाही.

भिंगरी घरी आली तशी काजवाली फ्रॉक घेऊन समोर गेली. दार उघडंच होतं.

"कोण आलं बघ!" आजी म्हणाली.

भिंगरीनं बघितलं. आणि एवढंसं तोंड वासून जी किंचाळली, ती थेट आईच्या पोटात शिरली. "पाणी नको! पाणी नको! मावशी नको!"

काजवाली दारातच थांबली. फ्रॉक उंबऱ्यावर ठेवला आणि मागं फिरली.

"दोन दिवसांत विसरेल हो," आई पाठोपाठ येऊन म्हणाली. तिचेच डोळे भरले होते.

"विसरेल, विसरेल," काजवाली म्हणाली. "लहान आहे."

विसरली नाही. जिन्यात काजवाली दिसली की आईच्या मांडीत तोंड खुपसायची. काजवालीच्या दाराची कडी वाजली तरी समोर रडं सुरू व्हायचं. एकदा आईनं तिला दंडाला धरून पुढं उभं केलं, "मावशीनं तुला बरं केलं ना? म्हण, थँक्यू." पोर पांढरीफटक पडली आणि तिनं जागेवरच शी-शू केली. त्या दिवशी काजवालीनं आईला बाजूला घेतलं.

"पुन्हा असं करू नको. माझी शपथ आहे तुला."

"पण ताई, तुमच्यामुळे तर..."

"तिच्यासाठी मी कोण आहे, ते तिला ठरवू दे. तिला दुखत होतं आणि मी सोडलं नाही. एवढंच तिला माहीत आहे. खोटं थोडंच आहे?"

तेव्हापासून तिनं दार बंद ठेवायला सुरुवात केली. बाहेर पडायच्या आधी कान लावून ऐकायची, समोर काही हालचाल नाही ना. ती मंडळी जिना उतरून गेली, खालचं फाटक वाजलं, की मग निघायची. स्वतःच्याच घरातून चोरासारखी. आणि बंद दाराच्या आत बसून भिंगरीचा आवाज ऐकायची: गाणी, हट्ट, बाबांशी वाद. दार लावलेलं असलं तरी शब्द न् शब्द कळायचा. कोट मात्र आता वेळेवर जायला लागले.

"एवढं काय घेऊन बसलीस," नवरा म्हणायचा. "आपण तिला पाण्यात घातलं म्हणून आपण राक्षस. मोठी झाली की कळेल."

"मोठी झाल्यावर कळून काय उपयोग? मला आत्ता हवी आहे ती."

असं ती पहिल्यांदाच बोलली होती. नवऱ्यानं चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला.

एक दिवस जिन्यात भिंगरीनं तो फ्रॉक घातलेला तिला फटीतून दिसला. आईनं कुणी शिवला ते सांगितलं नव्हतं. भिंगरी एकेका बटणावर बोट ठेवून त्यांच्याशी काहीतरी बोलत चालली होती. काजवाली दाराला डोकं टेकवून किती तरी वेळ तशीच उभी राहिली.

मग वडिलांची बदली झाली, दुसऱ्या गावच्या आगारात. सामान उतरवत होते त्या सकाळी आई एकटीच आत आली, तिच्या गळ्यात पडली, म्हणाली, "तिला आणलं असतं हो..."

"नको. रडत गेली तर तुमचाही पाय निघायचा नाही."

खिडकीतून तिला भिंगरीचा भांग दिसला, मधोमध पाडलेला, आणि टेम्पोच्या पायरीवर चढायला लावलेला एक हात. तो उजवाच होता. खांद्यापासून सरळ वर जात होता. तेवढं तिनं डोळे भरून बघून घेतलं. मग टेम्पो वळला.

सुरुवातीला फोन यायचे. शाळेत घातलं, दात पडला, खांद्यावरचा डाग फिका होतोय, मलम चालू आहे, उन्हात झाकून नेतो. पाठीमागून आवाज ऐकू यायचा. "कोण आहे गं आई?" आणि आई घाईनं म्हणायची, "कुणी नाही." पुढं फोन कमी झाले. कुणी मुद्दाम तोडले नाहीत. माणसं कामाला लागतात, तसं झालं.

समोरची जागा मालकानं रंगवायला काढली आणि काम नवऱ्यालाच मिळालं. एका दुपारी हातात ब्रश तसाच धरून तो घरी आला.

"जरा चल माझ्याबरोबर."

"काय झालं?"

"चल तर."

रिकाम्या खोलीत, दाराच्या मागच्या भिंतीवर, गुडघ्याएवढ्या उंचीवर पेन्सिलीनं गोल काढलेले होते. गोलात चार-चार ठिपके. बटणं. मोठी, लहान, वाकडी. आणि त्यांच्या मध्ये दोन काड्यांच्या हातांची एक बाई, तिलाही डोळे चार.

"ही आधीची की नंतरची?" नवऱ्यानं विचारलं.

काजवाली खाली बसली. तो डोळ्यांचा हिशेब ओळखीचा होता. आधीचीच असणार. पण नंतरचीही असू शकते, असं एक मन म्हणत राहिलं. तिनं त्या बाईवरून बोट फिरवलं. पेन्सिलीची भुकटी बोटाला लागली.

"एवढा तुकडा सोडू का?" तो म्हणाला. "मालकाला सांगतो ओल आहे."

"सोडून काय करणार? उद्या दुसरी माणसं येतील, कपाट लावतील. रंगवा."

तो रंगवेना. शेवटी तिनंच त्याच्या हातातून ब्रश घेतला आणि पहिला हात दिला. फार वाईट दिला. नंतर त्याला ती भिंत पुन्हा करावी लागली.

वर्षं गेली. गल्लीतले निम्मे शिंपी तयार कपडे विकायला लागले. काजवालीला जाड भिंगाचा चष्मा लागला. शाळेच्या कोटांची कामं आली की ती अंदाज बांधायची: आता या मापाची असेल, आता या मापाची. तिच्या मनातली भिंगरी मात्र कोटांच्या ढिगाऱ्यावरच झोपलेली होती, वाढत नव्हती.

आणि एका दुपारी दारावर टकटक झाली. भिंगरीची आई, थोडी जाड झालेली, कानाशी पांढरी. तिच्यामागं एक उंच मुलगी.

"ताई, ओळखलं का?"

काजवाली नुसतं "या, या" करत राहिली, आणि पहिली गोष्ट तिनं काय केली, तर पाण्याची घागर पायानं मागं सरकवली, मुलीच्या नजरेआड.

मुलगी हसली. छान, मोकळं हसली. तिच्या चेहऱ्यावर भीतीचा मागमूस नव्हता. "आई तुमच्याबद्दल नेहमी सांगते," ती म्हणाली. "तुम्ही मला पाण्याखाली धरलं होतं ना?"

तुम्ही. काजवालीला तो शब्द सुईसारखा लागला.

"हो. धरलं होतं."

"मला काहीच आठवत नाही. मी खूप रडले का?"

"खूप."

"चावले पण होते म्हणे. सॉरी हं." तिनं गळ्याशी कॉलर जरा सरकवून दाखवली. खांद्यावर तळहाताएवढी कातडी थोडी फिकी, थोडी चकचकीत. हात मात्र सहज वर गेला, सहज खाली आला. "आमच्या शाळेत भाजल्यावरचे प्रथमोपचार शिकवले तेव्हा मी सांगितलं सगळ्यांना, माझ्यावर केलेत कुणीतरी. बाईंनी मला खांदा दाखवायला लावला."

"बरं केलंस."

आई इकडचं तिकडचं बोलत होती: आजी गेली, बाबा निवृत्त व्हायला आले, इथं एका लग्नाला आलो होतो. काजवालीचं लक्ष मुलीकडे. मुलगी खोली बघत होती. खिडकी, खुर्ची, खुंटीवरचे कोट. तिची नजर बटणांच्या डब्यावरून गेली आणि पुढं सरकली.

"लग्नाला आलात म्हणजे जेवून जायचं..." काजवाली काहीतरी म्हणायचं म्हणून म्हणाली.

"नाही ताई, गाडी आहे."

"मी लहानपणी इथं यायचे का?" मुलीनं एकदम विचारलं. "म्हणजे भाजायच्या आधी?"

आईनं काजवालीकडे बघितलं. सांगण्यासारखं केवढं होतं. बटणांची लग्नं, काळ्यांना शिक्षा, दुपारची झोप, रंगाऱ्याच्या चपला. तिनं सुरुवातही केली. "रोज यायचीस गं. सकाळी आई गेली की..." मुलगी ऐकत होती, कौतुकानं, पाहुण्यांच्या घरी ऐकावं तसं. "हो? खरंच? किती गोड!" ती म्हणत होती. कुणा दुसऱ्याच मुलीची गोष्ट ऐकल्यासारखं. काजवाली हळूहळू थांबली. "अशी होतीस तू," तिनं एवढ्यावर आवरलं.

निघताना मुलगी वाकली आणि तिनं काजवालीला हलकेच मिठी मारली. अंगाला साबणाचा वास होता, नवा. काजवालीनं तिच्या पाठीवर हात ठेवला, खांद्याच्या जरा खाली, जपून.

"काळजी घ्या हं मावशी."

"तूही घे."

जिना उतरताना त्यांच्या गप्पा ऐकू येत होत्या, मग फाटक वाजलं. ती या वेळी खिडकीत गेली नाही.

संध्याकाळी नवरा आला. तिनं पानं वाढली आणि सगळं सांगितलं, क्रमानं, काही न गाळता.

"म्हणजे घाबरली नाही?"

"नाही. हसली. मिठीसुद्धा मारली."

"मग चांगलं झालं की! तुला हेच हवं होतं ना इतकी वर्षं?"

"हो," ती म्हणाली. "चांगलंच झालं. हात पुरता वर जातो तिचा."

तो जेवत राहिला. तिचा घास हातातच होता.

"अहो."

"हं?"

"मला वाटलं, किंचाळली असती तर बरं झालं असतं. दारात मला बघून पहिल्यासारखी किंचाळली असती तर. म्हणजे कुठंतरी मी तिच्यात आहे, असं तरी झालं असतं." ती ताटाकडे बघत होती. "किती वाईट मन आहे ना माझं?"

तिच्या ताटातलं निवलेलं जेवण बाजूला करून नवऱ्यानं तिला गरम वाढलं.

"वाईट काय त्यात," तो म्हणाला. "जेव."